आवणीतला अंगठा

घर घ्यायचं ठरलं तेव्हा मला पन्नाशी गाठायला दोन वर्षं बाकी होती. त्याआधीची वीसेक वर्षं मी घर घेणाऱ्यांना हसण्यात घालवली. हा छंद बिनखर्चाचा होता आणि आमच्या भागात त्याला माल कधी कमी पडला नाही. माझ्या शाळेतल्या एका शिक्षकाने बंगला बांधला. वास्तुशांतीला रस्त्यापासून कमान उभारली, तिच्यावर त्याचा गॉगल घातलेला फोटो लावला आणि बंगल्याला आईचं नाव दिलं. आई त्या दिवशी मागच्या जुन्या खोलीत खाटेवर बसून होती, कारण नव्या फरशीवरून तिचा पाय घसरायचा. मी तिथे बुंदी खाल्ली आणि परतताना ती हकीकत तीन जणांना रंगवून सांगितली. पुढे बरीच वर्षं ती मी सांगत राहिलो. ऐकणारे हसायचे.

मी पेठला हायस्कुलात मराठी शिकवतो. भाड्याच्या दोन खोल्यांत संसार, आणि त्यातली अर्धी खोली पुस्तकांनी अडवलेली. चौथ्या घरमालकाने मुलाचं लग्न ठरल्याचे पेढे दिले आणि त्याच हाताने खोली रिकामी करायची तारीख दिली. त्या संध्याकाळी बायको पुस्तकांच्या खोक्यांकडे बघत एवढंच म्हणाली, "पाचव्यांदा मी ही उचलणार नाही." ती जास्त बोलत नाही. त्यामुळे ती बोलली की ते ठरावासारखं मंजूर होतं.

मंचरला तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट बघितला. बिल्डरच्या कचेरीतला मुलगा मला 'सर' म्हणायचा आणि खिडकीतून दिसणाऱ्या उसाच्या शेताला 'ग्रीन व्ह्यू' म्हणायचा. मी मनातल्या मनात त्याची टिंगल केली आणि बाहेर आल्यावर बायकोला म्हणालो, "खिडकीतून दिसतं मात्र छान." एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत घर घेण्याआधी मनाची तयारी कशी करावी यावर लेख आला होता. असल्या लेखांवर मी एरवी चहाचा कप ठेवतो. तो कापून ठेवला. त्यात लिहिलं होतं की निर्णयात घरच्या सगळ्यांना सामील करून घ्या, मन मोकळं करा. मी मन मोकळं करण्याऐवजी हिशोबाची वही उघडली.

बँकेतल्या साहेबांनी माझं वय विचारलं, निवृत्तीचं साल विचारलं आणि मग ज्या नजरेने बघितलं ती नजर म्हैस विकत घेताना दात बघणाऱ्याची असते. कर्ज मिळेल, पण सुरुवातीची रक्कम तुमची तुम्ही उभी करा, असं त्यांचं म्हणणं. वहीत मी भविष्यनिर्वाह निधी लिहिला, विम्याची पॉलिसी लिहिली, बायकोच्या पाटल्या तिने स्वतः सांगून लिहायला लावल्या. तरी खड्डा उरलाच. तो भरायला एकच गोष्ट होती: निमगाव सावाची वडिलांची जमीन. तिचा रस्त्याकडचा तुकडा शेजारच्या बागायतदाराला कधीपासून हवा होता. अडचण इतकीच की आईमागोमाग वडील गेल्यावर सातबाऱ्यावर दोन नावं लागली होती. एक माझं, एक माझ्या बहिणीचं.

जुन्नरच्या वकिलांना ही अडचण वाटलीच नाही. ते म्हणाले, "बहिणीचं हक्कसोडपत्र करून घ्या. सगळेच करतात. एक सही, एक अंगठा, एक साडी." हक्कसोड म्हणजे बहिणीने वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा लेखी सोडून द्यायचा. आमच्याकडे हे इतक्या सहज होतं की त्यात कुणाला काही दिसत नाही. बहीण सही करते, भाऊ साडी नेसवतो, पुरणपोळी होते आणि तिचं माहेर शाबूत राहतं. जी वाटा मागते तिचं माहेर तुटतं. हे कुणी रागाने सांगत नाही. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं हे जसं सांगावं, तसं ते सांगतात.

आणि नेमकं यावर मी दर आठ मार्चला शाळेत भाषण करायचो. भाषण बरं होतं. "मुलींनो, वाचल्याशिवाय कुठेही सही करू नका" हे वाक्य मी शेवटी ठेवायचो, थोडं थांबून, मग टाळ्या. एका वर्षी कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. तो फिरत फिरत मढला माझ्या बहिणीपर्यंत पोचला होता. तिने फोन करून सांगितलं होतं, "लई भारी बोललास. मी दोन बारी बघितलं. जाऊबाईलाबी दाखवलं."

ही माझी आक्का. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमच्या सपाटीवरच्या कांद्याच्या गावातून तिला पार डोंगराकडे, माळशेजच्या वाटेवरच्या मढला दिली. तिथे भाताची खाचरं, नाचणी, आणि चार महिने न थांबणारा पाऊस. दाजी जीप चालवतात. तिच्या लग्नात आपलं मूल डोंगरात दिलं म्हणून आई रडली होती. आक्का नव्हती रडली. तिने मला सांगितलं होतं की तिकडे निदान कांदा तरी निवडावा लागणार नाही.

तिला खरं सांगायची मी आठ दिवस तयारी केली. वर्गात धडा समजावून सांगावा तशी वाक्यं जुळवली: घराची गरज, बँकेची अट, आणि हिशोब पुढे करू हे मोघम आश्वासन. जुलै महिना होता. फोन लावला तर पलीकडे पाऊस आणि बायकांचा गलका.

"लवकर बोल," आक्का म्हणाली, "आवणी चालू हाय."

मी म्हणालो, वडिलांच्या वारसनोंदीत थोडी चूक झालीय. दुरुस्तीला तुझी सही लागेल. जुन्नरला यावं लागेल.

इतक्या दिवसांच्या तयारीतून हे निघालं. त्यातलं एकही वाक्य मी आधी योजलेलं नव्हतं, आणि तरीही ते इतकं सफाईने आलं की मला माझ्याच भाषेवरच्या प्रभुत्वाची भीती वाटली.

तिने विचारलं की पंधरा दिवसांनी चालेल का. ज्या दिवशी मी बोलावत होतो त्या दिवशी तिच्या खाचरात पडकई होती. पडकई म्हणजे डोंगराकडच्या लोकांची आवणीची रीत: आज सगळ्या बाया तुझ्या खाचरात भाताची रोपं लावायला येणार, उद्या तू त्यांच्यात जाणार. मजुरी नाही. ज्याचं खाचर त्याने जेवण द्यायचं आणि त्यांच्या बरोबरीने वाकायचं. पडकईवर मी एकदा एका अंकात लेख लिहिला होता. सहकार, समूहभाव असे शब्द त्यात होते. स्वतःच्या पडकईच्या दिवशी घरधनीण नसली तर काय होतं, हे त्या लेखात नव्हतं, कारण ते मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "तारीख मिळालीय, आता बदलत नाही." तारीख सहज बदलली असती. बदलणार नव्हता तो बागायतदार. त्याला दुसरीकडचा तुकडा दाखवला जात होता.

तिने मागच्या बायांना काहीतरी ओरडून सांगितलं. मग म्हणाली, "बरं. येते."

रात्री बायकोने विचारलं, "सांगितलंत का?" मी म्हटलं, "हो, साधारण." तिने माझ्याकडे बघितलं आणि साडीचा खोका माझ्या पिशवीत ठेवला.

जुन्नरच्या नोंदणी कचेरीत पावसाळ्यात सगळ्या गोष्टींना ओल्या छत्र्यांचा वास येतो. आक्का एसटीने आली. नऊवारीचा काठ पिंढरीपर्यंत भिजलेला, हातात प्लॅस्टिकची पिशवी, चेहरा जागरणाने सुजलेला. नंतर कळलं की पहाटे उठून चौदा बायांच्या भाकरी थापून, कालवण करून, जावेच्या हवाली करून ती निघाली होती. आल्या आल्या म्हणाली, "तुझं पोट सुटलंय. मास्तरकी मानवली तुला." तेवढ्यात वकिलांचे दोन साक्षीदार आले. ते त्या दिवशी आणखी अर्ध्या तालुक्याला जन्मापासून ओळखत होते.

आत तिचा फोटो निघाला. मग संगणकावर बसलेल्या पोराने अंगठा मागितला. तिने डावा अंगठा त्या लहानशा काचेवर ठेवला. यंत्र लाल झालं. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. पोराने तिचा हात उलटा करून बघितला. मीही बघितला. चार दिवस चिखलपाण्यात रोपं लावून तिची बोटं पांढरी, सुरकुतलेली झाली होती. अंगठ्याची कातडी सोलवटून गुळगुळीत झाली होती.

"मावशी, रेषाच नाहीत," तो म्हणाला. "काय करत होता?"

"आवणी," आक्का म्हणाली. जणू जुलैत माणसं दुसरं काय करतात.

त्याने अंगठा कोरडा करायला सांगितला. आणि मी खिशातून रुमाल काढला, माझ्या बहिणीचा हात हातात घेतला आणि तिचा अंगठा घासायला लागलो. आधी हळू, मग जोर लावून. मला दुसरं काही दिसत नव्हतं. तो अंगठा, ती काच, आणि बागायतदाराची मुदत. मागे रांगेत एक फेटेवाला म्हातारा उभा होता. त्याने असल्या पुष्कळ बहिणी बघितल्या असाव्यात. तो सावकाश म्हणाला,

"घासा पावणं, अजून जरा जोरात घासा. जमीन निघंल त्यातनं."

रांग हसली. साक्षीदार हसले. आक्काही हसली, पण हसता हसता तिने माझ्याकडे बघितलं आणि हात काढून घेतला. पोराने तासाभराने यायला सांगितलं. गरम चहाचा ग्लास धरून बसा, म्हणाला, कातडी वाळेल.

बाहेर पन्हाळीच्या पत्र्याखाली बाकडं होतं. आक्का चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसली. मग ग्लास खाली ठेवून म्हणाली, "तो कागद दे."

मी म्हणालो, त्यात काय, सगळी वकिली भाषा असते.

"तूच सांगितलंस ना, वाचल्याबिगर सही करू नका. दोन बारी बघितलंय मी."

मी कागद दिला. आक्का सातवी शिकलेली. ती शब्दावर बोट ठेवून, अर्धवट मोठ्याने वाचते, आणि मी समोर बसून ऐकत होतो. कुणाच्याही दडपणाला बळी न पडता. स्वखुशीने. बंधुप्रेमापोटी. मी आयुष्यभर भाषेतल्या भपक्यावर विनोद केले. इतका भपकेबाज मजकूर मी कधी वाचला नव्हता, आणि हा माझ्यासाठी लिहिलेला होता. 'विनामोबदला' या शब्दापाशी बोट थांबलं.

"म्हंजे फुकट."

"हो," मी म्हणालो.

"ही दुरुस्ती नाय."

"नाही."

तिने कागदाची नीट घडी केली. ओल्या बाकड्यावर ठेवायला नको म्हणून मांडीवर ठेवला. म्हणाली, "फ्लॅटचं मला ठावं व्हतं. तुझ्या बायकोनं कवाच सांगितलंय. पैकं कुठनं येणार त्ये तू सांगशील म्हणून थांबले व्हते."

मी काहीतरी म्हणालो. रकमेचं पुढे बघू, तुला अगदीच काही नाही असं नाही, अशा अर्थाचं. तिने विचारलं, "माझ्यासाठी किती धरलंयस?"

पिशवीतून साडीच्या खोक्याचा कोपरा बाहेर आला होता. तिने तो बघितला. मी तो आत ढकलला.

"सही तर मी दिलीच असती," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "समद्या देत्यात, मीबी दिली असती. पण खरं सांगितलं असतंस तर चार दिस हात चिखलात घातला नसता. तेल लावून, फडकं बांधून आले असते. चारचौघांत तुला माझा अंगठा घासाया लागला नसता."

मी म्हणालो, "राहू दे आक्का. नको करायला. घरी जाऊ."

हे मी मनापासून म्हणालो की नाही, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. तिने मात्र लगेच ठरवलं.

"आता नगं म्हणाया तुला सोपं हाय. माझ्या खाचरात चौदा बाया वाकल्यात, आन् मी हितं च्या पितीये. त्यो दिस काय माघारी येतोय का? उठ."

दाराशी गेल्यावर ती थांबली. "एक ऐक. त्ये भाषान मातुर देत जाऊ नको."

दुसऱ्या खेपेलाही यंत्र लाल झालं. तिसऱ्या खेपेला पोराने तिचा अंगठा स्वतः धरून जरा तिरका दाबला आणि काच हिरवी झाली. इथे एक गोष्ट लिहायला नको वाटते, म्हणूनच लिहितो. त्या क्षणी मला लाज वाटली नाही. मला हायसं वाटलं. बागायतदाराला फोन करायचा हे आठवलं, आणि पोराला मी चक्क 'थँक यू' म्हणालो. लाज आली ती नंतर, स्टँडवर, ती मढच्या गाडीची वाट बघत उभी असताना. तेव्हा ती एक हात पदरात गुंडाळून, अंगठा दुसऱ्या तळव्यात चोळत होती. मी साडी पुढे केली. मला वाटलं ती नाकारेल, आणि ते मला चाललं असतं. तिने खोका उघडला, पोत चिमटीत धरून बघितला आणि म्हणाली, "बरी हाय. रंग तुझ्या बायकोचा दिसतोय, तुझा नाय." आणि गाडीत चढली. तिची सीट पलीकडच्या बाजूला होती, त्यामुळे निघताना तिचा चेहरा दिसला नाही.

पुढचे पंधरा दिवस ती रोज दुसऱ्यांच्या खाचरात वाकली, हे दाजींकडून कळलं. आपल्या दिवशी गैरहजर राहिली म्हणून ज्यांच्याकडे एक जण पुरे, त्यांच्याकडे ती नवऱ्यालाही घेऊन गेली. तिच्यावर कुणी ही सक्ती केली नव्हती. तिने स्वतःच तसं धरलं होतं. दाजींनी जीप बंद ठेवून आवणी केली. मला हे सांगताना ते हसत होते आणि मी "हो का" म्हणत होतो.

फ्लॅट झाला. पुस्तकं भिंतीला लागली. वास्तुशांत मोठी करायची नाही हे मी वीस वर्षं बोलत आलो होतो, म्हणून लहान केली. तरी बिल्डरने सगळ्या घरांच्या दारांवर पितळी पाट्या बसवल्या होत्या आणि आमच्या पाटीवर फक्त माझं नाव होतं. ती मी तशीच ठेवली. त्या बंगलेवाल्या शिक्षकालाही बोलावलं होतं. त्याने पाटीवरून बोट फिरवलं आणि "झकास" म्हणाला. त्याने माझी हकीकत कुणाला सांगितली असेल तर मला कळलेलं नाही.

आक्का आली होती, तीच साडी नेसून. पंगतीत आमच्या चुलतमामांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की बहीण असावी तर अशी, एका शब्दात सही दिली. आक्का वरणभात कालवत होती. मान वर न करता म्हणाली, "एका शब्दात न्हाई मामा. तीन बारी लागल्या." पंगत हसली. मीही हसलो, कारण हसलो नसतो तर लोकांनी विचारलं असतं.

मार्चमध्ये मुख्याध्यापकांनी सवयीने माझं नाव कार्यक्रमपत्रिकेत घातलं. मी घसा बसल्याचं सांगितलं. खरं कारण सांगायला तेच भाषण द्यावं लागलं असतं, फक्त वेगळ्या शेवटाचं. माझ्याऐवजी एका नव्या शिक्षिकेने भाषण केलं. माझ्याइतकं सफाईदार नव्हतं. ती मध्ये अडखळली, आणि सही करण्याआधी वाचण्याबद्दल काहीच बोलली नाही. मी शेवटच्या रांगेत गळ्याला मफलर गुंडाळून बसलो होतो. उन्हाळा सुरू झाला होता.

मग पुन्हा जुलै आला. बाराव्या हप्त्याच्या आसपास एके सकाळी मी मढला फोन केला. मागे तोच पाऊस, तोच बायकांचा आवाज. मी विचारलं, "आक्का, तुझ्या खाचरातली आवणी कधी आहे?"



"का रं?" ती म्हणाली. "अजून कुठं अंगठा ऱ्हायलाय का?"

मी म्हणालो, नाही. एक दिवस यावं म्हणतो. वाकायला.

तिने ते मोठ्याने बायांना सांगितलं. पावसातही ऐकू येईल इतकं त्या हसल्या. त्यात म्हाताऱ्या होत्या, पोरी होत्या. मागच्या वर्षीच्या त्या चौदा जणींतल्या कितीजणी होत्या कोण जाणे. हसणं ओसरल्यावर आक्का फोनवर परत आली.

"गुरवारी हाय," ती म्हणाली. "ये. पर पडकईत धरायची न्हाई मी तुला. तू लावलेलं मागनं कुणाला तरी नीट करावं लागंल."